ध्रुवावरचा बर्फ आणि नारायणगडाखालचा पाऊस

बीड जिल्ह्यातल्या माणसाला बर्फ माहीत असतो तो रसवंतीवरचा. लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी, तिचा फोडलेला तुकडा आणि त्यावर ओतलेला उसाचा रस. बर्फाशी आपला संबंध एवढाच. तेव्हा नारायणगडाच्या पंचक्रोशीत जाऊन कोणी सांगू लागले की, उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावर यंदा बर्फ किती राहिला याचा आपल्या सप्टेंबरच्या पावसाशी संबंध आहे, तर लोक त्याला वेड्यात काढतील. परंतु गोव्यातील शास्त्रज्ञांनी नेमके हेच २०२१ साली आपल्या संशोधनातून मांडले आहे. आणि तो बर्फ पुढच्या काही महिन्यांत कोठे राहील, कोठून जाईल, हे सांगणारे संगणकही आता तयार झाले आहेत.

ज्यांचे पोट पावसावर आणि उसाच्या फडावर अवलंबून आहे, त्यांनी ही गोष्ट समजून घेतली पाहिजे असे आम्हास वाटते. शिकल्यासवरल्यांनी अंदाज वाचायचे आणि आपण नुसते आभाळाकडे पाहत बसायचे, ही वाटणी आम्हास मान्य नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा बर्फ कोठला?

समुद्राचे पाणी खारे असते. त्यामुळे ते शून्य अंशाला गोठत नाही. सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. गोठताना त्यातले बरेचसे मीठ खालच्या पाण्यात सुटते आणि वर बर्फाचा थर धरतो. हाच समुद्रबर्फ. हिमालयातल्या हिमनद्या जमिनीवर असतात, हा बर्फ पाण्यावर तरंगतो. म्हणून तो वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. पेल्यातला बर्फ विरघळला म्हणून पेला ओसंडून जात नाही, तसेच हे आहे.

मग त्याचे महत्त्व काय? आपल्या वस्तीत उन्हाळ्यात पत्र्याला पांढरा चुना मारतात, कारण पांढरा रंग ऊन परतवतो. पृथ्वीच्या दोन्ही टोकांना हा बर्फ तेच काम करतो. अंगावर पडलेल्या उन्हापैकी ५० ते ७० टक्के ऊन तो परत पाठवतो. उघडे काळे पाणी मात्र जेमतेम ६ टक्के ऊन परतवते, बाकीचे पिऊन टाकते. म्हणजे बर्फ गेला की पाणी तापते, पाणी तापले की आणखी बर्फ जातो. कर्जावर व्याज आणि व्याजावर पुन्हा व्याज, असा हा हिशेब आहे.

उत्तर ध्रुवाभोवती हिवाळ्याच्या शेवटी, मार्च महिन्यात, साधारण दीड कोटी चौरस किलोमीटर समुद्र बर्फाखाली असतो. सप्टेंबरपर्यंत तो आटत आटत निम्म्याहूनही खूप खाली येतो. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर एवढाच उरला होता, म्हणजे जवळपास आपल्या देशाच्या क्षेत्रफळाएवढा. उपग्रहांनी मोजणी सुरू केल्यापासूनचा तो नीचांक आहे. दक्षिण ध्रुवाकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला. तिकडचाही तो नीचांकच.

अंधारातही दिसणारे डोळे

ध्रुवाकडे कित्येक महिन्यांची रात्र असते. उन्हाळ्यात दिवस असला तरी ढग हटत नाहीत. अशा ठिकाणी साध्या कॅमेऱ्याने फोटो निघत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरी युक्ती काढली. जगातली प्रत्येक वस्तू आपल्या अंगातून अतिशय क्षीण अशा सूक्ष्मलहरी बाहेर टाकत असते. बर्फ आणि पाणी शेजारी शेजारी असले तरी त्यांच्या या लहरी सारख्या नसतात. या लहरी अंधारातून आणि ढगांतूनही वर येतात. उपग्रह त्या टिपतो आणि कोठे बर्फ, कोठे पाणी, हे ओळखतो.

१९७८ च्या अखेरीपासून ही मोजणी अखंड चालू आहे. समुद्राचे साधारण २५ किलोमीटर लांब आणि २५ किलोमीटर रुंद असे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात किती टक्के बर्फ आहे याची नोंद होते. तलाठ्याच्या पीकपाहणीसारखेच हे काम. फक्त गट नंबर समुद्रावर पाडलेले आहेत एवढेच.

याखेरीज रडारचे उपग्रह आहेत. ते स्वतःच लहर खाली सोडतात आणि परत आलेली लहर वाचतात. त्यांना बर्फातल्या भेगासुद्धा दिसतात. आपल्या इस्रोनेही असे उपग्रह सोडले आहेत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून इस्रो आणि अमेरिकेची नासा या दोघांचा मिळून बनलेला निसार हा रडारचा उपग्रह आकाशात गेला. जमीन, पिके, दरडी यांबरोबर बर्फावर नजर ठेवणे हेही त्याचे काम आहे.

संगणक शिकतो म्हणजे काय करतो?

नोंदी झाल्या. आता प्रश्न पुढचा: येत्या दोन महिन्यांनी काय होईल?

याची जुनी रीत अशी की वारा, ऊन, पाणी यांचे भौतिकशास्त्राचे नियम संगणकाला द्यायचे आणि प्रचंड मोठी गणिते करून घ्यायची. ही रीत आजही चालते आणि चालली पाहिजे. परंतु तिला अवाढव्य संगणक लागतो आणि वेळही लागतो.

नवी रीत म्हणजे संगणकाला अनुभवावरून शिकविणे. तिला मशीन लर्निंग म्हणतात. आम्ही कारकुनी पेशाचे असल्यामुळे ती आमच्या भाषेत सांगतो. वीस वर्षे बिले तपासणाऱ्या कारकुनाला कागद हातात घेतल्याबरोबर शंका येते की, या बिलात काही गोम आहे. त्याला तसा नियम कोणी लिहून दिलेला नसतो. हजारो बिले पाहून, काही वेळा चुकून, मग सुधारून त्याची नजर तयार झालेली असते. संगणकालाही तसेच करतात. त्याला जुने नकाशे दाखवतात आणि विचारतात, "पुढच्या महिन्यात येथे बर्फ असेल काय?" तो उत्तर देतो. खरा नकाशा पुढे ठेवून त्याची चूक मोजतात. त्या चुकीनुसार तो आपले आतले आकडे किंचित बदलतो. असे लाखो वेळा केले की त्याचे उत्तर बरोबर येऊ लागते.

इंग्लंडमध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे आणि ॲलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट या संस्थांनी मिळून आइसनेट नावाची अशी एक पद्धत तयार केली. तिची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. अमुक ठिकाणी दोन महिन्यांनी बर्फ असेल की नसेल, या प्रश्नाचे तिचे उत्तर सुमारे ९५ टक्के वेळा बरोबर येते असे त्या शास्त्रज्ञांना आढळले. शिवाय एकदा शिकून तयार झाल्यावर ती साध्या लॅपटॉपवरही चालते. म्हणजे अंदाजाचे यंत्र आता फक्त मोठ्या संस्थांच्या तळघरात राहिलेले नाही.

यात एक अडचण होती, ती ध्यानात घेण्यासारखी आहे. वर्षाचे बारा महिने, म्हणजे बारा मासिक नकाशे. चाळीस वर्षांचे धरले तरी ४८० नकाशे. एवढ्या थोड्या उदाहरणांवर यंत्र शहाणे होत नाही. म्हणून त्याला आधी हवामानाच्या गणितांतून तयार केलेली हजारो वर्षांची काल्पनिक उदाहरणे शिकवली आणि नंतर उपग्रहाच्या खऱ्या नोंदी दाखवल्या. दुसरी अडचण अजून सुटलेली नाही. यंत्र शिकते ते झालेल्या गोष्टींवरून. पूर्वी कधीच न झालेले वर्ष समोर आले की त्याची नजरही चुकू शकते. म्हणूनच अशी यंत्रे "असेल" किंवा "नसेल" असे छातीठोक सांगण्यापेक्षा शंभरात किती शक्यता आहे ते सांगतात. अंदाज आणि भविष्य यांतला हा फरक प्रत्येकाने लक्षात ठेवावा. भविष्य सांगणारा आपली चूक कधी मोजत नाही. अंदाज सांगणारा दर महिन्याला मोजतो आणि छापतोही.

गोव्याहून दक्षिण ध्रुवाकडे

हे सारे परदेशातलेच आहे असे नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोचली. आज तेथे मैत्री आणि भारती ही आपली दोन ठाणी आहेत. उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या बेटावर, २००८ पासून हिमाद्री हे ठाणे आहे. या सर्वांचा कारभार गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते.

ठाण्यावर अन्न, तेल, औषधे पोचवायची तर जहाजाला बर्फातून वाट काढावी लागते. वाट चुकली तर काय होते हे २०१३ च्या डिसेंबरमध्ये जगाने पाहिले. अकादेमिक शोकाल्स्की हे रशियन जहाज अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकले. वाऱ्याने बर्फ चहूबाजूंनी रेटत आणला आणि जहाजाला हलता येईना. शेवटी २ जानेवारी २०१४ रोजी ५२ जणांना हेलिकॉप्टरने उचलून न्यावे लागले. आपल्या जहाजांवर अशी पाळी येऊ नये म्हणून इस्रोचे अहमदाबादचे केंद्र उपग्रहांच्या नोंदी पाहून कोठून जावे, कोठे थांबावे, याचा सल्ला देते.

बर्फावरून पाऊस: जुनीच विद्या

आता आपल्या पावसाकडे वळू. बर्फ पाहून पाऊस सांगण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळाने लाखो माणसे मेली. १८७५ मध्येच स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या हिमाचा अभ्यास केला. हिवाळ्यात आणि वसंतात तेथे बर्फ जास्त पडला की पुढचा मोसमी पाऊस कमी होतो, असे त्यांना दिसले. त्या आधारावर १८८६ पासून मोसमी पावसाचे नियमित अंदाज निघू लागले. खात्याचे मुख्य कार्यालय पूर्वी शिमल्याला होते. १९२८ मध्ये ते पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजूनही शिमला ऑफिस म्हणतात. सिटी बसने तेथून जाणाऱ्या कित्येकांना या नावाचे कारण माहीत नसते.

अंदाज चुकलेही. २००२ मध्ये खात्याने सरासरीएवढा पाऊस सांगितला होता. प्रत्यक्षात देशभर ८१ टक्केच झाला आणि जुलै तर कोरडाच गेला. त्यानंतर जुनी सूत्रे बदलण्यात आली. २०१२ पासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मान्सून मिशन हाती घेतले. तेथील महासंगणकावर जी गणिते चालतात, त्यांत हवा, जमीन आणि समुद्र यांच्याबरोबर समुद्रबर्फही धरलेला असतो.

कारा समुद्र आणि आपला सप्टेंबर

रशियाच्या उत्तरेला कारा नावाचा समुद्र आहे. वास्कोच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांच्या नोंदी तपासल्या. त्यांना असे दिसले की, उन्हाळ्यात कारा समुद्रावरचा बर्फ जेव्हा फार कमी होतो, तेव्हा मध्य भारतात पावसाळ्याच्या शेवटी, विशेषतः सप्टेंबरात, अतिवृष्टीच्या घटना वाढतात. बर्फ गेल्याने तेथील हवा तापते. वायव्य युरोपवर उंचावरच्या हवेचा दाब वाढतो. तलावात खडा टाकल्यावर लाट सरकत जावी तशी त्या दाबाची लाट आशियापर्यंत येते. इकडे अरबी समुद्र आधीच तापलेला असतो. त्याची वाफ वर खेचली जाते आणि ढग कोसळतात.

२०२४ मध्ये याच केंद्राच्या आणि दक्षिण कोरियाच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट मांडली. ध्रुवाजवळच्या मधल्या समुद्रातला बर्फ घटला की पश्चिम भारतात आणि दक्षिणेच्या पठारावर पाऊस कमी होण्याकडे, तर मध्य आणि उत्तर भारतात वाढण्याकडे कल असतो. आपला मराठवाडा या दोहोंच्या शिवेवर बसलेला आहे. अर्थात एकट्या बर्फावर एखाद्या पावसाचे खापर फोडता येत नाही. प्रशांत महासागरातला एल निनो, हिंदी महासागराचे तापमान, बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे, असे अनेक भागीदार या व्यवहारात असतात. बर्फ हा त्यांतला एक, पण आजवर वहीत फारसा न धरलेला भागीदार आहे.

सप्टेंबरचा पाऊस म्हणजे काय हे बीडला सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सिंदफणा आणि गोदावरी फुगल्या, सोयाबीन आणि कापूस पाण्याखाली गेला, जनावरे वाहून गेली, वावरांतली माती खरडून निघाली. बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या जिल्ह्यावर ओल्या दुष्काळाची पाळी आली.

अंदाज कोणाच्या हाती?

२०२५ च्या पावसाळ्यात केंद्र सरकारच्या कृषी मंत्रालयाने याच नव्या विद्येचा मोठा प्रयोग केला. मशीन लर्निंगने काढलेला पावसाच्या आगमनाचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर संदेशाने पाठवला. पाऊस लवकर आला, मग मध्येच थबकला. या खंडाची सूचनाही त्या संदेशांत होती. ही चांगली गोष्ट झाली आणि तिचे कौतुक केले पाहिजे.

परंतु आम्ही विचारतो, हा संदेश कोणाला गेला? शेतकरी म्हणून ज्याची नोंद आहे त्याला. नारायणगडाच्या खाली राहणारा, एक गुंठाही जमीन नसलेला ऊसतोड कामगार त्या यादीत शेतकरी म्हणून नसतो. पावसाची झळ मात्र त्याला काही कमी लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास तो उचल घेऊन, बायकापोरे आणि भांडीकुंडी ट्रॅक्टरवर टाकून पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जातो. पाऊस लांबला तर फडात चिखल होतो, गाडी आत जात नाही, तोड थांबते. त्याची मजुरी टनावर असते. तोड नाही तर टन नाही, टन नाही तर पैसा नाही. उचल मात्र अंगावर तशीच राहते आणि खाण्यापिण्याचा खर्च वाढतो. उसाच्या पाचटाची कोपी एका रात्रीच्या पावसात गळून जाते. लेकरे भिजतात, चूल पेटत नाही. कामाच्या निमित्ताने आम्ही अशा तळांवर जातो तेव्हा "पाऊस येणार हे तुम्हाला अगोदर कोणी सांगितले होते काय?" असे विचारतो. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते: "आम्हाला कोण सांगतंय, साहेब?"

कॅनडाच्या पूर्वेला लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर इनुइट लोक राहतात. समुद्रबर्फ हाच त्यांचा रस्ता आणि शिकारीचे रान. २००९-१० चा हिवाळा तेथे फार उबदार गेला, बर्फ पातळ राहिला आणि नेहमीच्या वाटेने जाणारी माणसे पाण्यात पडली. त्यानंतर तेथे स्मार्टआइस नावाचे काम उभे राहिले. बर्फाची जाडी मोजणारे यंत्र घसरगाडीवर बांधून स्थानिक तरुणच ते ओढत नेतात, म्हाताऱ्यांचे बर्फाचे ज्ञान आणि उपग्रहाचे नकाशे एकत्र करतात आणि धोक्याच्या जागा गावाला कळवतात. ज्यांचा जीव बर्फावर, त्यांच्याच हाती मोजमाप, असा तो प्रकार आहे. आपल्याकडे हे का होऊ नये?

आपण काय मागावे, काय करावे?

पहिली गोष्ट, ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शासनाचे कल्याण महामंडळ आहे. तेथे नोंदलेल्या कामगारांच्या मोबाइलवर, ते ज्या तालुक्यात तोडीला गेले असतील त्या तालुक्याचा अंदाज मराठीतून गेला पाहिजे. यासाठी नवा उपग्रह सोडावा लागत नाही. यादीला यादी जोडावी लागते.

दुसरी गोष्ट, कारखान्याचा चिटबॉय तोडीची चिठ्ठी घेऊन तळावर येतच असतो. त्याच चिठ्ठीबरोबर येत्या दोन दिवसांच्या पावसाची खबर द्यावी. मुकादमाने ती टोळीला वाचून दाखवावी.

तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे. पुण्याच्या संस्थेने काढलेले दामिनी हे ॲप मोबाइलमध्ये असावे. आपण असू तेथून २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज पडण्याचा संभव असला तर ते इशारा देते. दामिनी कोणाचा सातबारा विचारत नाही. माणूस कोठे उभा आहे एवढेच पाहते. दहा जणांच्या टोळीत एकाकडे जरी साधा स्मार्ट फोन असला तरी दहा जीव सावध होतात. इशारा आला की झाडाखाली थांबू नये, कोयता आणि लोखंडी वस्तू बाजूला ठेवाव्यात, पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा.

चौथी गोष्ट, गावातल्या समाजमंदिराबाहेर एक फळा लावावा. आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीने रोज सकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज त्यावर लिहावा आणि दुसऱ्या दिवशी खरोखर काय झाले तेही शेजारी लिहावे. महिनाभर असे केले की अंदाज कितपत विश्वासाचा आहे हे गावाला स्वतःच्या नोंदीवरून कळेल. यंत्रालाही असेच शिकवतात, हे त्या मुलीला सांगावे. ती गणितात आणि विज्ञानात पुढे गेली तर पुण्याच्या आणि वास्कोच्या संस्थांची दारे तिला बंद नाहीत. तळावर वाढलेले एखादे लेकरू उद्या ध्रुवावरचा बर्फ मोजायला गेले, तर अंदाजाच्या यादीत कोणाचे नाव राहून गेले आहे हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

यंदा टोळ्या बाहेर पडण्यापूर्वी निदान फळ्याचे आणि दामिनीचे काम प्रत्येक वस्तीने पुरे करावे, एवढी आमची वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे.